बंद मोटारीतील कुत्र्यांचा उष्माघात

उन्हात किंवा अर्धवट सावलीत उभ्या केलेल्या बंद मोटारीत कुत्रा अडकला की त्याच्या शरीराचे तापमान झपाट्याने वाढते आणि त्यातून जीवघेणा उष्माघात होतो. बहुतेक वेळा यामागे क्रौर्य नसते, चुकलेला अंदाज असतो. मंगल कार्यालयाबाहेर, देवळाच्या वाहनतळावर, एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलपाशी किंवा एटीएमसमोर ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गाडी लावली जाते. आत कुत्र्याला प्रवेश नसतो. रांग लांबते, ओळखीचे कोणी भेटते आणि पाचाची वीस मिनिटे होतात. गाडी सर्वांत वेगाने तापते ती याच वीस मिनिटांत.

गाडी कशी तापते

काचेतून आलेले ऊन डॅशबोर्ड, स्टिअरिंग, सीट आणि कुत्र्याचे अंग तापवते. हे तापलेले पृष्ठभाग आतली हवा तापवतात. उघड्यावर गरम हवा वर निघून जाते आणि तिची जागा गार हवा घेते, बंद गाडीत मात्र तीच हवा कोंडून पुन्हा पुन्हा तापत राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या आदेशानंतर काचांवर काळी फिल्म लावता येत नाही. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा लागतो. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत भरपूर ऊन शिरते, हे धरूनच चालावे.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असलेल्या दिवशी बंद गाडीतील हवा मोजली गेली. तासाभरात ती सरासरी २२ अंशांनी चढली आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. याच प्रकारच्या मोजमापांत पहिल्या १० मिनिटांत साधारण १० अंश वाढ दिसते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३६वर असेल, तर एटीएममधून परत येईपर्यंत आत ४६ अंश झालेले असू शकतात. त्यातही हवामान खाते सांगते ते तापमान सावलीतल्या, हवा खेळती असलेल्या लाकडी पेटीतले असते. डांबरी वाहनतळावर उभ्या गाडीचा हिशेब त्याहून वरूनच सुरू होतो.

हवेइतकेच महत्त्व पृष्ठभागांना आहे. अ‍ॅरिझोनातल्या, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ३८ अंशांपुढच्या दिवसांत उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तासाभरात सरासरी ६९ अंशांवर आणि सीट ५१ अंशांवर गेली. कुत्रा त्याच सीटवर पोट टेकून बसतो. पोटाकडचे केस विरळ असतात, त्यामुळे एरवी गार फरशीवर पसरून तो ज्या भागातून उष्णता टाकतो, त्याच भागातून इथे उष्णता आत घेतो.

कुत्र्याचे शरीर

निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश असते. ते ४१च्या वर गेले की उष्माघाताची शंका घ्यायची, आणि ४३च्या आसपास पेशींची हानी वेगाने होऊ लागते. माणसासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. घामाच्या उपयोगी ग्रंथी फक्त पंजांच्या गादीत असतात आणि त्यांचा हातभार नगण्य असतो. खरी भिस्त धापण्यावर असते. नाकातल्या ओलसर पडद्यांवरून आणि जिभेवरून हवा वेगाने फिरते, ओलावा वाफ होऊन जातो आणि रक्त गार होते. विश्रांतीत मिनिटाला १० ते ३० असणारे श्वास धापताना ३००च्याही पुढे जातात.

या व्यवस्थेला कोरडी, खेळती हवा लागते. बंद गाडीत कुत्र्याच्या उच्छ्वासातली वाफ आतच साठते. हवा जितकी दमट, तितकी जिभेवरची वाफ कमी. धापण्याचे श्रम चालूच राहतात आणि त्या स्नायूंची उष्णताही अंगातच राहते. म्हणून मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीतले ३३ अंश नागपूरच्या ४२पेक्षा सौम्य समजू नयेत. विदर्भात गाडी लवकर भट्टी होते, कोकणात कुत्र्याचे धापणे लवकर निकामी होते. पुण्यातला डिसेंबरही निर्धास्त नाही. ब्रिटनसारख्या थंड देशात वर्षभर केलेल्या मोजमापांत प्रत्येक महिन्यात गाडीतले तापमान कधी ना कधी २५ अंशांपुढे गेलेले आढळले. आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटबद्दल तर बोलायलाच नको.

पग, शिह त्झू, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींना धोका सर्वांत जास्त. नाकपुड्या अरुंद, टाळू लांब, त्यामुळे गारवा देणारा पृष्ठभागच मुळात तोकडा. लठ्ठ आणि म्हातारी कुत्री, हृदयाचे किंवा श्वासनलिकेचे दुखणे असलेली, दाट केसांची आणि अगदी लहान पिल्ले यांचाही यात समावेश होतो. वयस्क लॅब्राडॉरमध्ये स्वरयंत्राचा पक्षाघात बऱ्यापैकी आढळतो. धापताना घरघर आवाज येत असेल तर त्याला उन्हाळ्यात गाडीतून नेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. तोंड आवळून बंद करणारे मुसके घालून कुत्र्याला गाडीत ठेवणे म्हणजे त्याचा एकमेव पंखा बंद करणे होय.

खोटा भरवसा देणाऱ्या गोष्टी

काच चार बोटे खाली ठेवली की भागते, हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. वर सांगितलेल्या २००५च्या अभ्यासात काचा सुमारे ४ सेंटिमीटर उघड्या ठेवूनही पाहिले होते. तापण्याचा वेग जवळपास तेवढाच राहिला. काच एवढी उघडी ठेवली की कुत्रा बाहेर पडू शकत नाही, आणि तेवढ्याने हवाही खेळत नाही.

सावली सरकते. साडेअकराला कडुनिंबाखाली लावलेली गाडी साडेबाराला उन्हात असू शकते. शिवाय सावलीतली गाडीही बाहेरच्या हवेइतकी तापतेच. अ‍ॅरिझोनाच्या मोजमापांत सावलीतल्या गाडीची सीट तासाभरात ४१ अंशांवर गेली होती. पाण्याचे भांडे ठेवणे चांगलेच, पण तहान भागल्याने शरीर गार होत नाही. तणावात असलेला कुत्रा अनेकदा पाण्याला तोंडही लावत नाही.

एसी चालू ठेवून जाणे हा सर्वांत फसवा उपाय. उभ्या गाडीत एसीचा गारवा मुळातच कमी असतो आणि इंजिन फार तापले की कॉम्प्रेसर बंद पडतो. चावी न फिरवता सुरू होणाऱ्या काही गाड्या चालक दूर गेल्यावर ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद करतात. ब्लोअर मात्र काही काळ फिरत राहतो आणि तापलेली हवाच आत ढकलतो. शिवाय कुत्रा कासावीस होऊन पुढच्या सीटवर येतो. त्याच्या पंजाने एसीचे किंवा सेंट्रल लॉकचे बटण दाबले जाते, आणि चावी आत, मालक बाहेर अशी गत होते.

भरवशाची व्यवस्था साधी आहे. कामाच्या फेरीला कुत्र्याला न्यायचेच नाही. लांबच्या प्रवासात दोन माणसे असली तर एकाने कुत्र्याला पट्ट्याने धरून झाडाखाली थांबायचे, दुसऱ्याने जेवून यायचे, मग पाळी बदलायची. एकट्याने प्रवास असेल तर डबा सोबत घ्यायचा आणि पहाटे निघायचे. घरी आल्यावर गाडीची दारे उघडी टाकू नयेत. गाडीची आवड असलेला कुत्रा आपसूक आत चढतो, वाऱ्याने दार लागते, आणि तो गच्चीवर असेल असे घरातले समजत राहतात.

लक्षणे

सुरुवातीला धापणे थांबत नाही, जीभ रुंद होऊन लोंबते, डोळे विस्फारतात, लाळ गळते. नंतर लाळ चिकट आणि तारदार होते, हिरड्या लालभडक दिसतात, उलटी किंवा जुलाब होतात. मागचे पाय लटपटतात, हाकेला प्रतिसाद मंदावतो. शेवटच्या टप्प्यात हिरड्या फिकट किंवा जांभळट पडतात, शौचातून रक्त जाते, झटके येतात, शुद्ध हरपते. धापणे अचानक थांबले म्हणजे बरे वाटले असे समजू नये. अंग तापलेलेच असेल तर तो शरीर हरल्याचा इशारा असतो.

आत काय घडते ते कळले की घाई का करायची ते कळते. उष्णतेने आतड्याचे अस्तर फाटते आणि तिथले जिवाणू व विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला इजा होऊन जागोजागी गुठळ्या होतात. त्यात रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात, मग नको तिथे रक्तस्राव सुरू होतो. मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू एकापाठोपाठ एक दगावतात. इस्रायलमध्ये १९९९ ते २००४ या काळात रुग्णालयात आणलेल्या उष्माघाताच्या ५४ कुत्र्यांपैकी निम्मी दगावली. दीड तासाहून उशिरा पोचलेल्यांत मृत्यूचा धोका वाढलेला होता.

प्रथमोपचार

आधी गार करायचे, मग दवाखाना. जागेवर १० मिनिटे पाणी ओतणे हे भर रहदारीतून तापलेल्या कुत्र्याला तसेच नेण्यापेक्षा कितीतरी चांगले. कुत्र्याला सावलीत, शक्यतो फरशीवर घ्यावे आणि मान, पोट, काखा, जांघा यांवर भरपूर पाणी ओतत राहावे. केस बोटांनी विलग करावेत म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोचते. सोबत पंखा, कूलर किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. तरुण, धडधाकट आणि शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला गार पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवले तरी चालते, फक्त डोके पाण्याबाहेर धरून ठेवावे. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला पाणी ओतणे आणि वारा घालणे अधिक सोसते. गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून कोमटच वापरा, हा सल्ला आता मागे पडला आहे.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, आणि उन्हात पडलेल्या पाइपातली पहिली धार तर त्याहून कडक. आधी हातावर घेऊन पाहावे. जमिनीखालच्या टाकीचे, विहिरीचे किंवा बोअरचे, माठातले, अगदी दुकानातल्या २० लिटरच्या जारचे पाणी वापरावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. थोड्याच वेळात तो गरम होऊन उष्णता कोंडतो. अंगाखाली अंथरला तर चालेल.

शुद्धीवर असेल तर स्वतःहून पिईल तेवढेच पाणी द्यावे, तोंड उघडून ओतू नये, ते फुप्फुसात जाते. ऊन लागल्यावर कांदा देण्याची आपली पद्धत कुत्र्यावर मुळीच वापरू नये. कांदा पोटात गेला तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. पॅरासिटामॉलही देऊ नये. हा ताप संसर्गाचा नाही, त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य, आणि कुत्र्याच्या यकृताला ती घातक ठरू शकते. जवळ डिजिटल थर्मामीटर असल्यास टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर घालून तापमान पाहावे आणि ३९.५वर आले की पाणी थांबवावे. त्यानंतर ते आपोआप आणखी उतरते आणि अति गारठण्याचा धोका असतो. दवाखान्यात नेताना काचा उघड्या किंवा एसी पूर्ण चालू ठेवावा. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी नेणे टाळू नये. मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची बिघाडी पुढच्या दोन-तीन दिवसांत वर येते, त्यामुळे रक्ततपासणी पुन्हा करावी लागते.

कायदा आणि वाटसरू

बंद गाडीतल्या प्राण्यासाठी भारतात वेगळे कलम नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याचे कलम ११ लागू होऊ शकते, पण त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे. ही रक्कम कित्येक दशकांपासून तशीच राहिली आहे, आणि ती बदलायला हवी. अमेरिकेतील टेनेसी, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया यांसारख्या काही राज्यांत, ठरवून दिलेल्या पायऱ्या पाळल्या तर प्राणी वाचवण्यासाठी काच फोडणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळते. आपल्याकडे तशी स्पष्ट तरतूद नाही, म्हणून साक्षीदार आणि नोंद महत्त्वाची.

तापलेल्या गाडीत कुत्रा दिसला तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि कुत्र्याची अवस्था मोबाइलवर टिपावी, वॉचमन किंवा कार्यालयातून क्रमांकाची घोषणा करवावी, चारही दारे आणि डिकी उघडते का पाहावी, आणि ११२वर पोलिसांना कळवावे. कुत्रा शुद्धीवर असेल तर मालकाची वाट पाहता येते. तो कोसळला असेल तर वेळ उरलेला नसतो. पोलिसांशी बोलून आणि चार माणसांसमक्ष काच फोडायची झाल्यास कुत्र्यापासून लांबची बाजूची काच निवडावी. पुढची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात टोकदार, कठीण वस्तूने घाव घातला की तिचे बारीक दाणे होतात. हात कापडात गुंडाळावा. पट्टा किंवा ओढणीचा फास आधीच तयार ठेवावा, कारण दार उघडताच घाबरलेला कुत्रा रस्त्यावर धावतो. आणि त्याला चालवत नेऊ नये, उचलूनच सावलीत न्यावे.