पार्श्वभूमी : जोआना रस आणि एका शीर्षकाचा गुंता

अमेरिकी विज्ञानकथालेखिका जोआना रस यांचं नाव अलीकडे पुन्हा ऐकू येऊ लागलं, त्यात दोन पुनर्मुद्रणांचा वाटा मोठा. स्त्रियांचं लेखन कसं दडपलं जातं याचा पंचनामा करणारं त्यांचं १९८३चं पुस्तक २०१८ मध्ये नव्याने निघालं. २०२३ मध्ये कादंबऱ्या-कथांचा जाड खंड अमेरिकी अभिजात साहित्याच्या मालिकेत आला. हे पाहायला त्या नव्हत्या. २०११ मध्येच गेल्या. त्याआधीची कित्येक वर्षं पाठदुखी आणि न हटणारा थकवा यांमुळे लेखन मंदावलं होतं.

खरा गुंता त्यांच्या १९७५च्या ‘द फीमेल मॅन’ या कादंबरीचं शीर्षक मराठीत आणताना होतो. चार जगांतल्या चार बायका, चौघींची नावं ‘ज’वरून, आणि ‘मी’ म्हणून नेमकं कोण बोलतंय हे मुद्दाम धूसर. त्यातली एक ठरवते : ‘मॅन’ म्हणजे अख्खी मानवजात असं भाषाच सांगत असेल, तर मीही ‘मॅन’. मराठीत हा डाव लगेच फसतो. ‘स्त्री-पुरुष’ म्हटलं की बायका आणि पुरुष असा द्वंद्व समास होतो. ‘मर्दानी’ ही शाबासकी झाली, आणि शाबासकीच तर रस यांना नको होती. ‘बाईमाणूस’ जवळचा वाटतो, पण ‘बाईमाणूस, एकटी कशी जाणार?’ या वाक्यात माणूस असण्याचा हक्क मिळत नाही, सवलत मिळते. तरीही आपल्याकडे त्याहून बरा शब्द नाही. उपरोधाने वापरला तर तो चालेलही.

याच कादंबरीची बीजकथा, विज्ञानकथेचा नेब्युला पुरस्कार मिळवणारी १९७२ची ‘व्हेन इट चेंज्ड’, भाषांतराला आणखी अवघड. निवेदन प्रथमपुरुषी आहे. बायको भरधाव गाडी चालवतेय, मुलगी सोबत आहे. वाचक निवेदकाला पुरुष समजतो आणि पुढे चपापतो. कथा घडते त्या ग्रहावर पुरुषच उरलेले नाहीत. मराठीत ‘मी म्हणाले’ आलं की गुपित फुटलं. वर्तमानकाळातही ‘जाते-जातो’ चुगली करतात. वाट आहे ती बोलणाऱ्याचं लिंग उघड न करणाऱ्या क्रियापदरूपांची : ‘मी पाहिलं’, ‘मी सांगितलं’, ‘मला वाटलं’, शिवाय भविष्यकाळातलं ‘मी जाईन’. ‘उठले’, ‘बसले’, ‘म्हणाले’ ही रूपं पहिल्या पानांत टाळावी लागतात. सरसकट ‘म्हणालो’ लिहिणं म्हणजे वाचकाशी लबाडी. (कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी आलो’ म्हणतात, त्यांच्या तोंडी ही कथा घातली तर लबाडीही उरणार नाही.)

कादंबरीतला सगळ्यात वादग्रस्त भाग वेगळाच आहे. चौथ्या जगात बायका आणि पुरुष यांचं युद्ध चालू आहे, आणि पुरुषांच्या प्रदेशात काही मुलग्यांना शस्त्रक्रिया करून ‘बदललेले’, ‘अर्धे बदललेले’ करतात. आज हा भाग ट्रान्स व्यक्तींविषयी अनुदार वाटतो, आणि तो तसा आहेच. उतारवयात रस यांनी आपली जुनी भूमिका सोडल्याचं जाहीरपणे सांगितलं. बचाव करणारे ‘तो काळच तसा होता’ म्हणतात. लेखिकेनेच जे सोडलं त्याचा कैवार कशाला?

१९८३च्या पुस्तकातली एक क्लृप्ती त्यांच्यावरच उलटली. लेखिकेचं एकच पुस्तक लक्षात ठेवायचं आणि बाकीची कपाटात ढकलायची, हे तिथे ‘एकटं पाडणं’ म्हणून मांडलं आहे. रस म्हटलं की आजही १९७५चीच कादंबरी पुढे येते. ‘सोल्स’ या लघुकादंबरीला १९८३ मध्ये ह्यूगो हा विज्ञानकथेचाच दुसरा पुरस्कार मिळाला. १९८०ची ‘ऑन स्ट्राइक अगेन्स्ट गॉड’ विज्ञानकथा नव्हे. एका बाईचं दुसऱ्या बाईवर प्रेम जडतं त्याची ती गोष्ट. दोन्हींचा विषय क्वचितच निघतो. साहित्यसंग्रह आणि अभ्यासक्रमांत लेखिकांचा वाटा ५ ते ८ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत होता, अशी मोजदादही त्या पुस्तकात आहे. नावं बदलत, आकडा हलत नसे.

ते पुस्तक शेवटाशी येऊन अडलं होतं. कृष्णवर्णीय लेखिकांबाबत आपण स्वतःही तेच केलं, हे लक्षात आल्यावर त्यांनी उपसंहार जोडला. त्यात युक्तिवाद थोडा आहे. बराचसा भाग त्या लेखिकांच्या अवतरणांनीच भरला आहे.