कुंपणावरचा अडुळसा, बाटलीतला अडुळसा

ठाण्यात पहिला पाऊस पडला की घराघरांत खोकल्याच्या बाटल्या बाहेर निघतात. बाटलीवरची बारीक अक्षरं एकदा वाचा. पुष्कळदा 'ब्रोमहेक्सिन' किंवा 'अँब्रोक्सॉल' दिसेल. दोन्हींची मुळं अडुळशात आहेत.

अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन हे अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारं, शरीरावर परिणाम करणारं द्रव्य असतं. १८८८ मध्ये ते प्रथम वेगळं काढलं गेलं. पान चुरगाळून पाहा, उग्र वास येतो आणि चव कडूजहर. सहसा गुरं काय, शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून गावाकडे तो कुंपणाला लावतात. याच व्हॅसिसीनच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं आणि १९६० च्या दशकात ते बाजारात आलं. शरीरात त्याचंच रूपांतर होऊन अँब्रोक्सॉल तयार होतं. कफातले चिकट तंतू त्यामुळे तुटतात, कफ पातळ होतो आणि सुटतो.

घोडबंदर रोडवरच्या बाल्कनीतही अडुळसा मजेत वाढतो. जून-जुलैत जून झालेल्या फांदीचा वीतभर छाटा घ्यायचा, तीन-चार पेरं असलेला. खालची पानं काढून दोन पेरं मातीत. कुंडी मोठी हवी आणि तळाचं भोक मोकळं, कारण आपल्याकडच्या पावसात साचलेलं पाणी मुळं कुजवतं. ऊन मिळालं तर थंडीत पांढरी फुलं येतात. खालच्या पाकळीवरच्या जांभळट रेषा मधमाशीला आतली वाट दाखवतात. फुलांसाठी तरी हे झाड लावावं, असं माझं मत.

पानं नुसती कुटून रस फारसा निघत नाही. आधी वाफवायची, मग पिळायची. हा रस मधातून देण्याची आपल्याकडे रीत आहे.

पण 'झाडपाल्याचं, म्हणजे अपाय नाही' हे इथे चालत नाही. व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात त्याचा त्याच अंगाने अभ्यास केला होता. गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, मग त्यात रस असो वा नसो. शिवाय पानातलं व्हॅसिसीन ऋतूनुसार कमी-जास्त होतं, त्यामुळे घरच्या रसात नेमकी मात्रा किती, हे चमच्यावरून कळत नाही. खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात, तर रस चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.