समाजसेवकाचं लायसन्स कुठं मिळतं? अर्ज बाद होण्याआधी वाचा

आठवड्यातून एक तरी फोन ठरलेला. "सर, समाजसेवकाचं लायसन्स काढायचंय, फॉर्म कुठं मिळतो?" कुठंच मिळत नाही. आपल्याकडं वकिलाला बार कौन्सिल आहे, डॉक्टरला मेडिकल कौन्सिल आहे, पण एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेल्या सगळ्यांना सनद देणारी कौन्सिल देशात नाही. अमेरिकेत राज्याराज्याचं लायसन्स असतं, त्याची परीक्षा असते. मोबाइलवर बघितलेले व्हिडिओ तिकडचे, आणि घोळ इथं. त्यामुळं कुणी पैसे घेऊन 'सोशल वर्कर लायसन्स' देत असेल, तर तुम्हाला लॅमिनेशन केलेला कागद मिळणार, दुसरं काही नाही.

लायसन्स नाही म्हणून सोपं आहे असं मात्र समजू नका. एका सनदेवर जे भागलं असतं, ते आता दहा कागदांनी सिद्ध करायचं असतं. आणि समाजसेवकाच्या नोकरीचे अर्ज तिथंच बाद होतात.

पदवीपासून बघू. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. एमए समाजशास्त्र म्हणजे एमएसडब्ल्यू नव्हे. "समाज तर दोन्हीत आहे की!" हे मला पटवून उपयोग नाही, छाननी करणाऱ्याला पटत नाही. जाहिरातीत 'किंवा समाजशास्त्र' असं स्पष्ट छापलेलं असेल तरच भरा. कोल्हापुरात एमएसडब्ल्यू 'सायबर' या संस्थेत करता येतं (बाहेरगावची पोरं नाव ऐकून कॉम्प्युटरचं कॉलेज समजतात). निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी लागलेला हवा. 'निकाल प्रतीक्षेत' लिहून अर्ज केला की फी गेली.

आता खरी अडचण, अनुभव प्रमाणपत्र. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याकडच्या पोरांनी जे काम केलं त्याला तोड नाही. शिरोळ तालुक्यात होडीतून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलेली पोरं माझ्या ओळखीची आहेत. त्यांना तालीम मंडळांनी सन्मानपत्रं दिली, फ्रेम करून. ती फ्रेमसकट फाईलला लावून आलेला उमेदवार मी बघितलाय. सन्मानपत्र भिंतीवर ठेवा. अर्जाला लागतो तो पगारी, पदनाम असलेला, तारखांचा अनुभव.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. मुलांच्या निवाऱ्यात सहा वर्षं काढलेली, मानधन दरमहा रोख. प्रमाणपत्रावर मजकूर असा: 'सदर ताई होतकरू, कष्टाळू व मनमिळाऊ आहेत.' कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या पदावर, पूर्णवेळ की अर्धवेळ, काही नाही. जावक क्रमांक नाही, सही कुणाची ते कळत नाही. सहा वर्षांचं काम आणि कागदावर शून्य. संस्थेकडं परत पाठवली, तर ज्यांनी तिला कामावर घेतलं ते सचिव बदललेले आणि नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून, म्हणजे सही कुणी करायची हाच प्रश्न. तिची चूक एवढीच, की रुजू होताना नेमणूकपत्र मागितलं नाही. तुम्ही मागा. संस्थेच्या लेटरहेडवर दोन्ही नोंदणी क्रमांक हवेत, 'महाराष्ट्र'नं सुरू होणारा संस्थेचा आणि 'एफ'नं सुरू होणारा न्यासाचा. मानधन, दोन हजार का असेना, बँकेत घ्या. पासबुकातली दर महिन्याची ओळ नंतर तुमच्या बाजूनं बोलते. आणि एमएसडब्ल्यू करताना केलेलं क्षेत्रकार्य अनुभवात धरू नका, तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. बहुतेक जाहिरातींत पदवीनंतरचाच अनुभव मोजतात.

ज्येष्ठ कार्यकर्ते बहुधा बाल न्याय मंडळ (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बघणारं) आणि बाल कल्याण समिती (निराधार, संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं बघणारी) यांच्यासाठी विचारतात. ही नोकरी नाही, तीन वर्षांपर्यंतची नेमणूक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मंडळावर दोन समाजसेवक असतात, त्यात एक तरी महिला. मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाचं सात वर्षांचं काम लागतं, नाहीतर बाल मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी घेऊन चालू असलेला व्यवसाय. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत वय किमान ३५ आहे. इथं 'मुलांच्या' या शब्दाला अडखळतात लोक. बचत गट, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, सगळं चांगलंच, पण त्यात मोजलं जात नाही. समितीच्या बाबतीत २०२१ च्या दुरुस्तीनं आणखी एक खुंटी मारली: बालगृहाच्या व्यवस्थापनात असाल तर समितीवर जाता येत नाही. म्हणजे ज्याला मुलांचं काम सगळ्यात जास्त कळतं तोच कधी कधी बाहेर. कारण समजण्यासारखं आहे, मूल कुठल्या संस्थेत ठेवायचं हे समितीच ठरवते. तरी दरवेळी कुणीतरी विश्वस्त हौसेनं अर्ज करतोच. समितीला महिन्यात किमान वीस दिवस बसावं लागतं, हेही घरी सांगून ठेवा.

खरीखुरी नोंदणी लागते ती मनोरुग्णांसोबत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्याला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ५५ खाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण ती करतं. त्याला एमएसडब्ल्यू आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही सायकिअॅट्रिक सोशल वर्कमधलंच लागतं. एमएसडब्ल्यूला 'वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्य' हा विशेष विषय होता म्हणून नोंदणी होईल, ही समजूत काढून टाका. एमफिल बंद झाली तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगानं या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुभा दिली होती, त्यामुळं प्रवेशाचं वर्ष तपासूनच पैसे भरा.

बाकी आधार, अधिवास, जात, फोटो तुम्हाला माहीत आहेत. फक्त दोन गोष्टी. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत लावावी. पदवीवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव बघून किती फाईली परत आल्या, मोजायचं सोडून दिलंय. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळं दाखल्यावरचं वर्ष बघा आणि एप्रिलमधल्या जाहिरातीला मुदत संपलेलं लावू नका.

आणि शेवटची तारीख. 'अर्ज पोहोचण्याची' असं लिहिलेलं असेल तर पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत. फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारची बहुतेक कार्यालयं शनिवारी बंद असतात. तरी शनिवारी सकाळी चंदगडहून पहिल्या एसटीनं येऊन बंद दारापुढं उभी राहिलेली माणसं मी बघितली आहेत. मुदत शुक्रवारची असेल तर बुधवारीच या, आणि पोचीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय जिना उतरू नका.