वस्तीतील दवाखान्याची रचना

दाट झोपडवस्तीसाठी आरोग्यकेंद्र बांधताना जागा, वाट, हवा आणि पाणी यांचा मेळ घालण्याच्या पद्धतीला वस्तीतील दवाखान्याची रचना म्हणता येईल. मुंबईतील धारावी हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे अनेक बोळांत समोरून माणूस आला की अंग चोरावे लागते. स्ट्रेचर वळत नाही, रुग्णवाहिका नाक्यावरच थांबते. त्यामुळे दवाखाना गाडी पोहोचेल अशा कडेच्या रस्त्यावर असलेला बरा. आतल्या घरांपर्यंत आरोग्यसेविका पायी जातात.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात 50,000 लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्यकेंद्र धरले आहे. हिशेब सोपा, पण भूखंड कुठून आणायचा? दिल्लीत 2015 पासून मोहल्ला क्लिनिक आणि मुंबईत 2022 पासून ‘आपला दवाखाना’ हे छोटे सरकारी दवाखाने आले, तेव्हा काही ठिकाणी पोर्टाकेबिनचा, म्हणजे आणून ठेवता येणाऱ्या तयार खोलीचा, आधार घेतला गेला. पोर्टाकेबिन झटपट उभी राहते, जागा सोडावी लागली तर उचलून नेता येते. मात्र उन्हात ती तापते, मग एसी लावून खिडक्या बंद होतात, आणि खोकणाऱ्या रुग्णांच्या रांगेसाठी याहून वाईट खोली नाही.

क्षयरोगाच्या दृष्टीने हवा हीच इथली मुख्य बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक वायुवीजनासाठी बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला 60 लिटर, तर हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोलीत सरासरी 160 लिटर हवा सुचवली आहे. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्या की समोरासमोर खिडक्या ठेवता येत नाहीत. मग वरचे झरोके, मधला उघडा चौक आणि जाळीची भिंत यांवर भिस्त. बसायची जागा पडवीत किंवा गच्चीवर शेड टाकून करावी. क्षयरोगाच्या तपासणीसाठी थुंकीचा नमुना उघड्यावर, लोकांपासून दूर घ्यायचा असतो. तो कोपरा आराखड्यात आधीच दाखवला नाही तर शौचालयाचा वापर होतो, जे नेमके टाळायला हवे.

झोपडी गेली की प्रश्न सुटतो, असेही नाही. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या पुनर्वसन वसाहतींच्या 2018 मधील पाहणीत, इमारती एकमेकींना खेटून असल्याने खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि तिथे क्षयरोग अधिक आढळतो, असे दिसले.

बाकी गोष्टी किरकोळ वाटतात, पण अडतात त्यांच्यावरच. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून साठवण टाकी हवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला नि मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. म्हणून जोते उंच हवे आणि लसींचा फ्रीज, औषधे वरच्या मजल्यावर. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये टिकवायची तर वीज गेल्यावरची सोयही हवी. रोजंदारीवरची माणसे संध्याकाळीच येऊ शकतात, तेव्हा दारापासून नाक्यापर्यंतचा दिवाही आराखड्यातच धरावा लागतो.