पहिला डीएसएलआर घेताय? मग थोडे पैसे लेन्ससाठी बाजूला ठेवा

कोणता डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) घेऊ असं विचारणारा माणूस पुढच्याच वाक्यात मेगापिक्सलवर येतो. कॅनन १५००डी २४.१ चा, निकॉन डी३५०० २४.२ चा, कॅनन ३०००डी फक्त १८ चा, मग ३०००डी बाद, संपला विषय. आता बारा बाय आठ इंची प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून काढायची तर ३६०० गुणिले २४०० पिक्सल लागतात, म्हणजे साधारण ८६ लाख, साडेआठ मेगापिक्सल फक्त. उरलेले क्रॉप करायला कामी येतात हे मान्य, पण फोटो शेवटी व्हॉट्सअॅपवरच जाणार असेल तर त्यांचं काय करायचं? (३०००डी घेऊ नका असं मीही सांगेन, पण कारण वेगळं, त्याचं लेन्स अडकवायचं माउंटच प्लास्टिकचं आहे.)

खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या साइझचा. डी३५०० चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर आहे, कॅननचे थोडे लहान, २२.३ बाय १४.९. चांगल्यातल्या चांगल्या मोबाइलचाही मेन सेन्सर यापुढे बराच छोटा भरतो. आणि मोठा सेन्सर का हवा, तर प्रकाश सलग येत नाही, सुटे सुटे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण येतात आणि तेही अनियमित. एखाद्या पिक्सलवर सरासरी १०० फोटॉन पडणार असतील तर प्रत्यक्षात कधी ९० पडतात कधी ११०, म्हणजे १० टक्क्यांची गडबड. तेच १०,००० पडले तर चढउतार १०० च्या आसपास, फक्त १ टक्का. कमी उजेडातल्या फोटोत जे दाणे दाणे दिसतात त्यातला मोठा वाटा याचाच असतो, आणि आयएसओ (फोटो उजळ करणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग) वाढवून हे सुटत नाही कारण आयएसओने फोटॉन वाढत नाहीत, जेवढे आलेत तेवढाच सिग्नल मोठा करून दाखवला जातो.

पण गंमत अशी की दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन एंट्री लेव्हल बॉडीत (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) सेन्सर जवळपास सारख्याच साइझचे असतात, त्यामुळे तिथे डोकं फोडून फार काही हाताला लागत नाही. फोटॉन वाढवायचे तर लेन्सकडे बघायचं. सोबत मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स ५५ ला झूम केली की तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंतच उघडतं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). ५० एमएम एफ/१.८ ही साधी, स्वस्तातली लेन्स घ्या, ५.६ ला १.८ ने भागून वर्ग करा, ९.७ येतं, म्हणजे सेन्सरवर जवळजवळ दहापट उजेड. घरच्या गणपतीची आरती ट्यूबलाइटखाली चालू आहे, किट लेन्सवर शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू देण्याचा वेळ, १/१० सेकंदाला येऊन बसलंय आणि टाळ वाजवणारे सगळे हात पुसट येताहेत, तिथे ही लेन्स १/१०० च्या जवळ नेते आणि हात थांबलेले दिसतात. किट लेन्सवर व्हीआर किंवा आयएस लिहिलेलं असतं ते तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं, समोरचा माणूस हलला तर ते काही करू शकत नाही.

एक अडचण आहे. सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा छोटा असल्यामुळे ५० एमएम लेन्स निकॉनवर ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी बघते, वन बीएचकेच्या हॉलमध्ये भिंतीला टेकलात तरी पूर्ण कुटुंब फ्रेममध्ये बसत नाही. घरातल्याच फोटोंसाठी हवी असेल तर निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ/१.८ बघावी, ती नजरेला नैसर्गिक वाटते.

आणि निकॉनवाल्यांनो, हे नीट वाचा. डी३००० आणि डी५००० या सिरीजच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. नावात नुसतं एएफ असलेली जुनी ५० एमएम डी लेन्स स्वस्त मिळते म्हणून उचलली तर फोकस हाताने फिरवत बसाल. एएफ-एस लिहिलेली घ्या. एएफ-पी आणखी नवी, पण डी३१०० सारख्या जुन्या बॉडीवर ती हातानेही फोकस होत नाही. कॅननमध्ये ही भानगड नाही, १९८७ साली ईएफ माउंट आलं तेव्हापासून ऑटोफोकसची मोटर लेन्समध्येच आहे.

पक्ष्यांचं वेड असेल तर मात्र वरचा हिशोब बाजूला ठेवा. भिगवणला होडीतून फ्लेमिंगो काढायला ना १८-५५ पुरणार ना ५० एमएम, तिथे ७०-३०० च्या खाली जाऊच नका. पक्षी दिवसाउजेडी असतात म्हणून एफ/५.६ चालून जातं.

कंपन्या आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्यात, डी३५०० बनणंही बंद झालंय, त्यामुळे या बजेटमध्ये बरेच जण सेकंडहँडच घेतात आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच आहे, कारण बॉडीची किंमत पटकन पडते. फक्त शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झाले ते विचारा, या वर्गातलं शटर साधारण एक लाख क्लिकचं धरतात. मग लेन्स काढा, छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसरीकडून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात बंद पडलेल्या लेन्सला ती हमखास धरते, वाढली की काचेवरचं कोटिंग खाते आणि मग साफ करूनही डाग राहतात. अशी लेन्स फुकट दिली तरी नको. आपली स्वतःची जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायची, जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत तेच वापरायचं, आणि मधूनमधून लेन्स बाहेर काढून चार फोटो काढायचे.