कंपनीतली वार्षिक तपासणी आणि ईएसआयचा दवाखाना: पात्रता, कागदपत्रे आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, तारापूर, कुठल्याही एमआयडीसीत जा. बऱ्याच कारखान्यांत वर्षातून एकदा ‘मेडिकल’ होतं. रक्त घेतात, बीपी बघतात, छातीचा एक्स-रे काढतात. काही दिवसांनी रिपोर्ट हातात पडतो, कधी पडतही नाही. त्यात साखर वाढलेली दिसते, पण तपासणारे डॉक्टर पुन्हा भेटत नाहीत, आणि घराजवळच्या डॉक्टरला त्या कागदाचा पत्ताच नसतो. म्हणून तपासणीचा हक्क आणि नेहमीच्या दवाखान्याचा हक्क हे दोन्ही एकत्र समजून घ्यायला हवेत. एकाशिवाय दुसरा अर्धाच उपयोगी पडतो.

कंपनीच्या तपासणीचा हक्क कोणाला

धोकादायक प्रक्रियेच्या कामासाठी कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४१-क मध्ये स्पष्ट तरतूद होती: कामावर घेण्याआधी तपासणी, काम चालू असताना जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या अंतराने, आणि ते काम सोडल्यानंतरही. आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या कामगाराला बघायला मिळाल्या पाहिजेत, हेही त्याच कलमात होतं. आता या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती लागू करताना केंद्र सरकारने ४० वर्षांवरच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी देणं मालकावर बंधनकारक असल्याचं जाहीर केलं. तेव्हा तपासणीचे पैसे पगारातून कापले जात असतील, तर एचआरकडे लेखी विचारणा करा.

हॉटेल, बेकरी, कंपनीच्या कँटीनमध्ये अन्न हाताळणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा नियमांनुसार दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडच्या गटातल्या आजारांची लस लागते.

तपासणी कामाप्रमाणे असायला हवी, यावर मी भर देईन. फाउंड्रीत किंवा दगड फोडण्याच्या कामावर असलेल्याला छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची फुंकर-चाचणी, प्रेस शॉपमधल्याला कानाची तपासणी, बॅटरीच्या कारखान्यात रक्तातलं शिसं, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला डोळे. सगळ्यांची नुसती साखर, बीपी आणि वजन बघून तपासणीची व्हॅन निघून गेली, तर कामाने होणारा आजार पकडायचा राहूनच जातो. कानाची तपासणी शिफ्ट संपल्यावर कधीच करून घेऊ नका. आवाजात आठ तास काढलेला कान तात्पुरता बधिर असतो आणि रिपोर्ट चुकीचा येतो. रात्रभर शांततेत राहून सकाळी, शिफ्टच्या आधी ती करायची.

ईएसआय: नेहमीचा डॉक्टर मिळवण्याचा रस्ता

दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात अशा आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याखाली येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. ओव्हरटाइमची रक्कम ही मर्यादा ठरवताना धरत नाहीत. कामगाराची वर्गणी ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. म्हणजे २०,००० पगारावर तुमचे १५० रुपये कापले जातात आणि कंपनी ६५० भरते. ठेकेदाराकडे असलात तरी ईएसआय लागू होतं, आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ‘तू कॉन्ट्रॅक्टवाला आहेस’ हे उत्तर इथे चालत नाही.

पगार जूनमध्ये वाढून २१,००० च्या वर गेला तरी ३० सप्टेंबरपर्यंत तुम्ही योजनेत असता. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड आहेत. पहिल्याचे रोख लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतात, दुसऱ्याचे जुलै ते डिसेंबरमध्ये.

नोंदणी मालकाने करायची असते, नेमणुकीनंतर दहा दिवसांच्या आत, ऑनलाइन. तुम्ही द्यायचं ते एवढंच: आधार, बँक खात्याचा तपशील, मोबाइल नंबर, सध्याचा आणि गावचा पत्ता, वारसदाराचं नाव, कुटुंबातल्या माणसांची जन्मतारखेसह माहिती आणि त्यांचे फोटो. आधी दुसऱ्या कंपनीत ईएसआय कापलं जात असेल, तर तो जुना दहा अंकी विमा क्रमांकच द्या. तो आयुष्यभर एकच राहतो. नवीन काढला की जुन्या वर्गणीची नोंद वेगळी पडते आणि पुढे रजेचा पगार मागताना त्रास होतो. कुटुंबात पती किंवा पत्नी आणि मुलं येतात. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिना ९,००० पेक्षा जास्त नसेल, तर त्यांचीही नावं घाला.

मग ई-पेहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्राची, प्रिंट मिळते. त्यावर फोटो आणि कंपनीचा शिक्का-सही घ्या. तुम्हाला आणि कुटुंबाला उपचाराचा हक्क कामाच्या पहिल्या दिवसापासून आहे, कार्ड यायला उशीर झाला म्हणून तो थांबत नाही.

दवाखाना निवडताना घाई करू नका. महाराष्ट्रात ईएसआयचे स्वतःचे सेवा दवाखाने आहेत आणि पॅनेलवरचे खासगी डॉक्टरही आहेत. कंपनी अनेकदा गेटजवळचा दवाखाना टाकून देते. तुम्ही राहता त्याच्या जवळचा मागा, कारण बीपीच्या गोळ्या दर महिन्याला तिथूनच घ्यायच्या आहेत. बायकामुलं बीड, लातूर किंवा बुलडाण्यात असतील, तर त्यांच्यासाठी तिकडचा वेगळा दवाखाना नोंदवता येतो. घर बदललं की दवाखानाही बदलून घ्या. अडलं तर १८००-११-२५२६ हा ईएसआयचा निःशुल्क क्रमांक आहे.

रिपोर्ट घेऊन दवाखान्यात

कंपनीकडून ‘फिट’ असा एका शब्दाचा दाखला नको, पूर्ण रिपोर्ट आणि एक्स-रेची फिल्म किंवा फाइल मागा. ते घेऊन, सोबत ई-पेहचान आणि आधार, आठवड्याभरात नोंदवलेल्या दवाखान्यात जा. कॅम्पमध्ये एकदाच बीपी १४०/९० च्या वर आला म्हणजे आजार ठरत नाही. धावपळीत, नाइट करून आल्यावर तो वाढतो. दुसऱ्या दिवशी, शांत बसून पुन्हा मोजायचा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून वर आली असेल, तर डॉक्टर ती परत तपासतात. हे काम व्हॅन करू शकत नाही, नेहमीचा डॉक्टर करतो. डॉक्टरला तुम्ही नेमकं कुठल्या मशीनवर, कुठल्या धुळीत किंवा रसायनात काम करता आणि किती वर्षं, हेही न विसरता सांगा. ते माहीत नसेल तर सिलिकोसिसच्या (दगड-वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराच्या) खोकल्यावर नुसतं टीबीचं औषध सुरू होण्याची भीती असते.

सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने आलेला बहिरेपणा हे ईएसआयच्या यादीतले व्यवसायजन्य आजार आहेत आणि त्यांना कामावरच्या अपघातासारखा दर्जा आहे. तात्पुरत्या अक्षमतेत वेतनाच्या ९० टक्के दराने भरपाई मिळते. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्यासाठी आधीच्या कालखंडात ७८ दिवसांची वर्गणी लागते. रजेचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरकडूनच घ्या, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर हे पैसे अडतात.

२१,००० च्या वर गेलेल्यांची खरी अडचण वेगळी आहे. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा ॲडमिट झाल्यावरच कामाला येतो, दर महिन्याच्या गोळ्यांना नाही. त्यांनी ३० वर्षांनंतर आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची मोफत तपासणी करून घ्यावी. स्त्रियांसाठी तिथेच स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होते. मुंबईत राहणाऱ्यांना महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडा मिळतो. शिफ्टवाल्यांना ती वेळ जमते.

नोकरी सोडताना शेवटची तपासणी करून घ्या आणि आजवरच्या सगळ्या रिपोर्टांच्या प्रती मागून न्या. सिलिकोसिस काम सोडल्यावर कित्येक वर्षांनीही दिसू शकतो, आणि तेव्हा तुम्ही कुठे, काय काम केलं याचा पुरावा त्याच कागदांत असतो.