रॉ मिळालं म्हणजे सिनेमा कॅमेरा मिळाला?

पुण्यात शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो: ‘जुन्या डीएसएलआरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदला, रॉ (प्रक्रिया न केलेला) व्हिडिओ सुरू करा, तोच सिनेमा कॅमेरा.’

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. काही मॉडेल्समधून १४-बिट रॉ खरोखर निघतं आणि त्याचे रंग फार सुंदर येतात.

पण आधी हिशेब करा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाचे १४ बिट: एक फ्रेम सुमारे ३.६ एमबी. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे ८७ एमबी. ६४ जीबीचं कार्ड बारा मिनिटांत भरतं, आणि कार्ड एवढ्या वेगानं लिहू शकलं नाही तर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. सिनेमा कॅमेरा याच अखंड प्रवाहासाठी बांधलेला असतो: उष्णता बाहेर टाकायची सोय, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची खूण), बऱ्याच मॉडेल्समध्ये एक्सएलआर, म्हणजे व्यावसायिक जोडाच्या, माइकची जागा.

दुसरं, रॉ म्हणजे सेन्सरनं (प्रकाश टिपणाऱ्या चिपनं) वाचलेलं जसंच्या तसं. वाचनातलाच दोष त्यानं जात नाही. घरी तपासा. कॅमेरा विजेच्या खांबावरून झपकन आडवा फिरवा. खांब तिरका दिसला तर तो रोलिंग शटर, म्हणजे सेन्सर एकेक ओळ क्रमानं वाचतो त्याचा परिणाम. मग जुन्या वाड्याची कौलं लांबून टिपा. व्हिडिओसाठी सेन्सरच्या ओळी गाळणाऱ्या कॅमेऱ्यात कौलांवर रंगीत लाटा उमटतात, त्या रॉमध्येही राहतात.

ठरवून घेतलेल्या छोट्या शॉट्ससाठी जुना डीएसएलआर मी आजही सुचवेन. लग्न किंवा लांबलचक मुलाखत असेल, तर सिनेमा कॅमेरा भाड्यानं घ्या.